उदास, उदासीन, औदासीन्य: कोणता शब्द कुठे लिहावा

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. आपण पालकांसाठी मानसिक आरोग्याविषयीची एक माहितीपत्रिका मराठीत तयार करीत आहात. तिच्यात १७ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण आहे. तो रडत नाही, चिडत नाही. पण त्याचे क्रिकेट सुटले आहे, मित्रांचे फोन तो उचलत नाही, आवडीचा पदार्थ केला तरी दोन घास खाऊन उठतो आणि काय झाले असे विचारले तर 'काही नाही' एवढेच सांगतो. आपण लिहिले, 'मुलगा उदासीन झाला आहे.' मसुदा वाचून आपले आजोबा, जे रोज मनाचे श्लोक म्हणतात, म्हणाले की उदासीनता हा तर गुण आहे, तो आजार कसा असेल? दुसरीकडे वर्तमानपत्रांत 'प्रशासन उदासीन' हे शब्द नेहमी दिसतात आणि तिथे तो सरळसरळ दोष असतो. यांपैकी खरा अर्थ कोणता, मुलासाठी कोणता शब्द वापरावा आणि 'औदासीन्य' लिहावे की 'औदासिन्य', असे आपण विचारले आहे.

मराठी मजकुराचे संपादन आणि अनुवाद हे काम मी गेली २८ वर्षे करीत आहे आणि त्यात आरोग्यविषयक पत्रिकांचा वाटा मोठा आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आजोबा बरोबर आहेत, वर्तमानपत्रेही पुष्कळ अंशी बरोबर आहेत आणि आपला शब्दही शब्दकोशाच्या दृष्टीने चुकीचा नाही. खरी अडचण वेगळी आहे. 'उदासीन' हा शब्द अर्धीच गोष्ट सांगतो. कोणीतरी कशापासून तरी बाजूला होऊन बसले आहे, एवढेच तो सांगतो. ते बाजूला बसणे चांगले, वाईट की दुखणाईत, हे वाचणाऱ्याला आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावे लागते. आपल्या वाक्यात आजूबाजूला काहीच नव्हते, म्हणून आजोबांनी त्यांच्या रोजच्या पाठातला अर्थ तिथे आणून बसवला.

शब्दाची घडण पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. 'उद्' म्हणजे वर किंवा बाहेर, 'आस्' म्हणजे बसणे आणि 'आसीन' म्हणजे बसलेला. 'सिंहासनावर आसीन' असे आपण म्हणतो तेव्हा हाच 'आसीन' असतो. उदासीन म्हणजे वर किंवा वेगळा बसलेला. या घडणीत दुःख नाही, मरगळ नाही आणि आळसही नाही. केवळ एक जागा आहे, जिथून खाली चाललेले दिसते पण बसणारा त्यात उतरत नाही.

जुन्या ग्रंथांत ही जागा दुबळ्याची मुळीच नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यमंडलाचा विचार आहे, त्यात विजिगीषू म्हणजे जिंकू पाहणारा राजा, त्याचा अरी म्हणजे शत्रू, मध्यम आणि उदासीन असे राजे येतात. यांतला उदासीन राजा हा बाकीच्या तिघांच्या क्षेत्राबाहेरचा आणि त्यांच्यापेक्षा अधिक बलवान असतो. तो कोणाला मदत करील यावर बाकीच्यांचे भवितव्य ठरते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, शत्रू यांच्या रांगेत 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे दोघे वेगवेगळे मोजले आहेत आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्यांतला फरक सांगितला आहे: उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो. नवव्या अध्यायात तर ईश्वर स्वतःलाच 'उदासीनवत् आसीन' म्हणवतो, आणि ज्ञानेश्वरांनी तिथे घरात ठेवलेल्या दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. दिवा कोणाला अमुक कर म्हणत नाही, कोणाला अडवत नाही, कोण काय करीत आहे हेही त्याला ठाऊक नसते. तरी घरातली सगळी कामे त्याच्याच उजेडात होतात. मला या शब्दाचे याहून नेमके चित्र दुसरे माहीत नाही. आपल्या पत्रिकेतल्या मुलाशी ते ताडून पाहा. दिवा स्वतः तेवत आहे. मुलाच्या बाबतीत काळजी आहे ती ज्योतच मंदावल्याची.

आजोबांच्या मनातली ओळ बहुधा ही असावी: 'उदासीनता तत्त्वता सार आहे, सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे.' समर्थांनी लगेच पुढच्या चरणात खुलासा केला आहे, वृत्ती मोकळी राहते. म्हणजे उदासीनतेची खूण मोकळेपणा ही आहे, कोंडलेपणा नव्हे. तुकोबांच्या 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' या ओळीत तर साधा 'उदास' शब्दही याच अर्थाने आला आहे. तिथे उदास मनाने खर्च करणे म्हणजे दुःखी होऊन पैसे देणे नव्हे; पैशात जीव अडकू न देता खर्च करणे. आज ही ओळ वर्गात वाचली तर बहुतेक मुले 'उदास'चा अर्थ दुःखी असाच सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण आजच्या मराठीत त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. दिवेलागणीला उदास वाटते, माणसे गेल्यावर घर उदास दिसते, पावसाळी दुपार उदासवाणी असते.

संतांचा 'उदास' आणि आपला 'उदास' यांच्यामधला प्रवास समजायला कठीण नाही. ज्याचे मन संसारातून निघाले आहे तो बाहेरून पाहणाऱ्याला गप्प, निरुत्साही दिसतो; आणि जो गप्प, निरुत्साही दिसतो तो दुःखी असणार असे आपण धरून चालतो. अशा रीतीने 'उदास' पूर्णपणे दुःखाकडे सरकला. 'उदासीन' मात्र मध्येच थांबला. त्याला दुःखाचा अर्थ पक्का चिकटला नाही आणि संतांचा अर्थही पूर्णपणे सुटला नाही. या अर्धवट अवस्थेमुळेच तो लिहिणाऱ्याला सोयीचा आणि वाचणाऱ्याला गैरसोयीचा झाला आहे.

विज्ञानाच्या पुस्तकात मात्र याच शब्दाला भावनेचा स्पर्शही नाही. लिटमसचा रंग न बदलणारे द्रावण उदासीन असते, ते आम्लही नसते आणि आम्लारीही नसते. आठवी-नववीतल्या मुलांच्या मनात या शब्दाची पहिली ओळख बहुधा हीच असते, आणि म्हणून तरुण वाचकाला 'उदासीन' हा शब्द कोरडा, तांत्रिक वाटतो. पत्रिका कोण वाचणार यावर किती अवलंबून आहे, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला. आजोबांना गुण ऐकू येतो, नातवाला रसायनशास्त्र आणि आईला बहुधा 'उदास'.

आता वर्तमानपत्रांविषयी. 'रस्त्यांच्या दुरुस्तीबाबत पालिका उदासीन' या वाक्याबद्दल माझे मत ठाम आहे: व्याकरणाने ते शुद्ध असले तरी ते मवाळ आहे, आणि मी संपादक असलो तर ते बदलतो. बाजूला बसण्याची मुभा ज्याला आहे त्यालाच उदासीन राहता येते. ज्याचे ते कामच आहे, त्याने ते केले नाही तर ती अनास्था असते, दुर्लक्ष असते किंवा टाळाटाळ असते. 'अनास्था' या शब्दात 'आस्था' दडलेली आहे, आणि मराठीत आस्था म्हणजे आपुलकीने घेतलेली काळजी. 'त्यांनी आस्थेने चौकशी केली' असे आपण म्हणतो. म्हणून 'अनास्था' म्हटले की जिथे काळजी असायला हवी होती तिथे ती नव्हती, असा आरोप आपोआप होतो. हिंदीत 'आस्था' प्रामुख्याने श्रद्धेसाठी वापरतात आणि हिंदी वाहिन्यांमुळे तो अर्थ मराठीतही शिरू लागला आहे. तसे होत राहिले तर 'अनास्था' म्हणजे नास्तिकपणा असे वाटणारी पिढी येईल आणि आपण एक फार कामाचा शब्द गमावू. मला याची मनापासून काळजी वाटते.

मतदानाच्या दिवशी छापून येणारे 'मतदार उदासीन' हे वाक्यही असेच तपासून घ्यावे लागते. मतदार घरी बसला हे आकड्यांवरून कळते, पण तो का बसला हे कळत नाही. त्याला फरक पडत नसेल तर तो उदासीन. सगळ्याच पक्षांचा उबग आला असेल तर तो विटलेला. यादीत नाव सापडले नसेल तर तो यांपैकी काहीच नाही. २०१३ पासून मतदान यंत्रावर 'नोटा'चा पर्याय आला. रांगेत तासभर उभे राहून जो हे बटण दाबतो, त्याला तर उदासीन म्हणताच येणार नाही, कारण तो तिथपर्यंत चालत आलेला असतो.

शेजारच्या शब्दांपैकी ज्यांची गल्लत आपल्या मसुद्यात होऊ शकते तेवढ्यांबद्दल लिहितो. 'तटस्थ' म्हणजे काठावर उभा असलेला. दोन बाजू असतील तरच काठाला अर्थ येतो, म्हणून मुलाला तटस्थ म्हणता येणार नाही. त्याच्यासमोर दोन बाजू नाहीतच. 'विरक्त' म्हणजे ज्याचा राग, म्हणजे मनाला चढलेला आसक्तीचा रंग, उतरला आहे असा. तो शब्द विचारपूर्वक केलेल्या त्यागाचा आहे आणि १७ वर्षांच्या मुलाला लावला तर आईवडील एक तर हसतील किंवा घाबरतील. 'बेफिकीर' आणि 'बेपर्वा' हे फारसीच्या वाटेने आलेले शब्द अंगात भरपूर जोर असलेल्या माणसालाही लागू पडतात. बेफिकीर मुलगा भरधाव गाडी चालवील, आपला मुलगा तर गाडीची किल्लीही उचलत नाही. 'आळशी' हा शब्द पालक घरी वापरत असतील, पण पत्रिकेने तो वापरू नये, कारण त्यात मुलाने मनावर घेतले तर सगळे ठीक होईल असा समज गृहीत आहे.

'मरगळ' हा शब्द मात्र मला फार आवडतो आणि तो आपण विचारात घ्यावा. तो शुद्ध मराठी कानाचा आहे. मरगळ शरीराला येते, मनाला येते, बाजाराला येते; पाणी न मिळालेली रोपेही मरगळतात. तिच्यात कोणाचा दोष नसतो. त्यातला एकच धोका असा की मरगळीच्या सोबतीला मराठीत बहुधा 'झटकणे' हे क्रियापद येते. 'मरगळ झटकून कामाला लागा' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की मरगळ म्हणजे झटकता येणारी गोष्ट असे मनात बसले आहे. थकव्यानंतरच्या दोन दिवसांच्या मरगळीला ते लागू पडते, आजाराला पडत नाही. शब्द निवडताना त्याच्यासोबत येणारे क्रियापद मी नेहमी म्हणून पाहतो. अनास्था दाखवली जाते, निरुत्साह पसरतो, मरगळ येते आणि झटकली जाते, विरक्ती येते किंवा बाणते. क्रियापदावरूनच कळते की भाषेने त्या गोष्टीची जबाबदारी कोणावर टाकली आहे.

आता आपल्या पत्रिकेचा गाभा. नैराश्याच्या आजारात दोन गोष्टी मुख्य मानल्या जातात: मन सतत खिन्न असणे आणि पूर्वी ज्यात आनंद वाटत असे त्यातला रस जाणे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ लक्षणे दिली आहेत, त्यांतली किमान पाच दोन आठवडे असावी लागतात, आणि त्या पाचांत या दोहोंपैकी एक तरी असावेच लागते. याचा अर्थ असा की न रडता, न खिन्न दिसताही माणूस या आजारात असू शकतो. पहिले लक्षण 'उदास' या शब्दाने सांगता येते. दुसऱ्याच्या जवळ जाणारा शब्द 'उदासीन' आहे. एका 'ईन'चा फरक आणि दोन वेगळी लक्षणे. पण वाचणाऱ्याच्या कानावर दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच पडतात, आणि त्यातून खरे नुकसान होते. पालक 'उदासीन' वाचतात, 'उदास' असे समजतात आणि म्हणतात, आमचा मुलगा तर रडतबिडत नाही, म्हणजे हे त्याच्याबद्दल नाही. ज्या घरासाठी आपण लिहिले तेच घर पान उलटून पुढे जाते.

मी हे अनुमानाने लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पत्रिकेत मी स्वतः 'जीवनाविषयी औदासीन्य' असा शब्दप्रयोग केला होता. छापण्यापूर्वी ती पत्रिका आम्ही काही महिलांच्या बचतगटात वाचून दाखवली. एका बाईंनी विचारले, 'म्हणजे माळ घातल्यासारखं का?' दुसऱ्या बाई म्हणाल्या की त्यांच्या सुनेला हल्ली कशात गोडीच वाटत नाही, ते यात कुठे लिहिले आहे? मी जे लिहिले होते ते नेमके तेच होते, आणि ते त्यांना सापडले नव्हते. 'गोडी वाटत नाही' हे शब्द त्या दिवशी मी वहीत उतरवून घेतले आणि तेव्हापासून तेच वापरतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मुलाचे वर्णन करताना नाम किंवा विशेषण शोधूच नये, क्रियापदाने सांगावे. मराठी माणूस आपल्या मनाची अवस्था घरात अशीच सांगतो: कशात मन लागत नाही, कशाची गोडी वाटत नाही, जीव रमत नाही, सगळ्यावरून मन उडाले आहे, काही करावेसेच वाटत नाही. या वाक्यांत दोषारोप नाही, स्तुतीही नाही आणि रसायनशास्त्रही नाही. शिवाय 'लागत नाही', 'वाटत नाही', 'रमत नाही' या क्रियापदांत घडणारी गोष्ट माणसाच्या हातात नसते, हे व्याकरणच सांगून टाकते. 'तो लक्ष देत नाही' आणि 'त्याचे लक्ष लागत नाही' या दोन वाक्यांतले अंतर कोणत्याही आईला समजते. पहिल्यात मुलगा कर्ता आहे, दुसऱ्यात नाही.

डॉक्टरांसाठी किंवा समुपदेशकांसाठी लिहिलेल्या भागात मात्र संज्ञा लागतेच. तिथे 'औदासीन्य' लिहायला हरकत नाही, पण एक अडचण ध्यानात ठेवावी. मराठी वैद्यकीय लेखनात हाच शब्द काही जण संपूर्ण आजारासाठी वापरतात आणि काही जण केवळ रस जाण्याच्या लक्षणासाठी. आपण आजाराला 'नैराश्य' म्हणणार असाल तर औदासीन्य हे लक्षणासाठी राखून ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात त्याची व्याख्या द्या. एका पत्रिकेत एका शब्दाचे दोन अर्थ होऊ देऊ नयेत, मग त्यांपैकी कोणताही निवडा. आणि 'उदासीन' वापरायचाच झाला तर त्याला विषय दिल्याशिवाय सोडू नका: 'खेळाविषयी उदासीन', 'स्वतःच्या जेवणाविषयीही उदासीन'. कशापासून बाजूला, हे सांगितले की अर्धी संदिग्धता संपते.

लेखनाचा प्रश्न राहिला. 'औदासीन्य' हेच शुद्ध आहे, 'सी' दीर्घ. 'आस्' धातूपासून 'आसीन' होताना ही दीर्घ ई येते, पाणिनीने त्यासाठी 'ईदासः' असे स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि पुढे भाववाचक नाम करताना आरंभीच्या 'उ'चा 'औ' होतो, पण मधली ई तशीच राहते. 'औदासिन्य' लिहिण्याचा मोह का होतो हेही समजण्यासारखे आहे. मराठी शब्दांत जोडाक्षरापूर्वीची वेलांटी सामान्यतः ऱ्हस्व असते, आणि हाताला तीच सवय असते. परंतु हा शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आहे आणि तत्सम शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ संस्कृतप्रमाणे ठेवायचे असतात, जसे आपण 'तीर्थ' आणि 'कीर्ती' लिहितो. 'औदासीन्यता' असेही कधी कधी वाचायला मिळते, ते टाळावे. 'औदासीन्य' हे स्वतःच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा 'ता' जोडणे म्हणजे 'सौंदर्यता' लिहिण्यासारखे आहे. 'उदासीनता' आणि 'औदासीन्य' यांपैकी कोणतेही एक घ्यावे. माझ्या कानाला 'उदासीनता' ही वृत्तीसाठी आणि 'औदासीन्य' हे अवस्थेसाठी योग्य वाटते, पण ही माझी आवड आहे, नियम नव्हे.

आपल्या मसुद्यातले वाक्य मी पुढीलप्रमाणे लिहिले असते: 'गेल्या काही आठवड्यांपासून मुलाचे कशातच मन लागत नाही. जे खेळ, जे मित्र, जे पदार्थ त्याला आवडत असत, त्यांची त्याला आता गोडी वाटत नाही. तो रडत नसला किंवा दुःखी दिसत नसला तरी हे नैराश्याचे लक्षण असू शकते.' पालकांची अडचण बहुधा तिसऱ्या वाक्यानेच सुटेल, म्हणून जागा कमी पडली तर दुसरे वाक्य छोटे करा, पण तिसरे कापू नका. छापण्यापूर्वी ही तीन वाक्ये आजोबांना पुन्हा वाचून दाखवा आणि मुलाला काय झाले आहे असे त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ते जो शब्द वापरतील, तो माझ्या 'गोडी'पेक्षा बरा असेल तर तोच घ्या.